ताईचा न बोलणारा पोपट

आमच्या घरी कधी पोपट होता का, असं कुणी विचारलं की "होता, थोडे दिवस," एवढं म्हणून मी विषय बदलत आलो. लग्नानंतर बायकोने विचारलं, मग मुलांनी, आणि परवा नातीने. तिला पक्षी पाळायचा आहे आणि तिच्या आईची अट अशी की आणायचाच तर गप्प बसणारा आण, डोकं उठवणारा नको. "आजोबा, गप्प पक्षी ओळखायचा कसा?" नात विचारत होती. मला उत्तर ठाऊक होतं, तरी चष्मा शोधायच्या निमित्ताने मी उठून आत गेलो. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हाही शाळा झाली, स्टेशन झालं, घाटातलं धुकं झालं; ताईच्या पोपटापाशी आलं की पेन खाली ठेवायचं, असंच चाललं होतं. आता हे वाचून ज्यांना वाईट वाटलं असतं त्यांच्यापैकी कुणी उरलेलं नाही. जिला सांगायला हवं होतं तीही नाही. तेव्हा लिहून टाकतो.

लोणावळ्याला स्टेशनच्या मागे रेल्वेची बैठी चाळ होती, तिच्यात आम्ही राहत होतो. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, पार्सल ऑफिसात कारकून होते. मुंबईकडे काय माल चाललाय ते त्यांच्या कोटाच्या वासावरून घरी कळायचं. कधी करवंदं, कधी जांभळं, कधी ओल्या गोणपाटाचा नुसताच कुबट वास. दोन खोल्या, मागे मोरी, आणि शेजारच्या घराशी भिंत अशी की पलीकडे फोडणी पडली तर खोकला आम्हाला यायचा. दिवसभर शंटिंगचे धक्के, शिट्ट्या, डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज. त्याची आम्हाला इतकी सवय होती की कधी मध्येच शांत झालं तर आई चूल सोडून दारात येऊन बघायची. जेवणात आंबेमोहोराचा भात, आमटी, सकाळी नाचणीची भाकरी. पावसाळ्यात कपडे वाळायचे नाहीत. शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर ते वाळत टाकलेले असत, आणि शाळेत सगळ्या वर्गाच्या अंगाला धुराचा वास येई.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिचं सासर तळेगावचं. एका थंडीत नाना तिकडे गेले आणि तिला ट्रंकेसकट घेऊन आले. तिचं तान्हं बाळ गेलं होतं. रात्री निजलं ते सकाळी उठलंच नाही, एवढंच आम्हा मुलांना सांगितलं होतं. बाकीचं चाळीला आमच्याआधी कळलं. बाळाला गुटी उगाळून द्यायची पद्धत असते. सहाणेवर आईच्या दुधात वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ अशी एकेक वस्तू उगाळायची, प्रत्येकाचे सहाणेवर फिरवायचे वेढे ठरलेले. ताईच्या सासूचं म्हणणं होतं की हिने जायफळाचे वेढे जास्त दिले, पोर उठू नये, आपल्याला झोप मिळावी म्हणून. नवऱ्याने आईचं ऐकलं. ताई आली ती न बोलता कामाला लागली. भांडी घासायची, निवडणं-टिपणं करायची. विचारलं तर हो-नाही म्हणायची. नळावर बायकांची गर्दी ओसरली की मगच घागर घेऊन जायची.

पलीकडच्या घरात गोदामावशी. तिचा नवरा सांधेवाला, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारा; माणसं लोहगडवाडीकडची. मावशीचा जीव मोठा आणि आवाज त्याहून मोठा. तिच्याकडे एक राघू होता, गळ्यात लाल कंठ आलेला, सगळ्या चाळीचा लाडका. मावशीच्या आवाजात तिच्या नवऱ्याला "ए येशा, ऊठ की" म्हणायचा, दूधवाल्याला शिवी द्यायचा, इंजिनाची शिट्टी काढायचा. एका दुपारी बायका ओट्यावर पापड वाळत घालत बसल्या असताना या राघूने नवीनच आवाज काढला. दबलेला हुंदका, मग नाक ओढणं, पुन्हा हुंदका. पहिल्यांदा बायका हसल्या. मग एकेकीच्या लक्षात आलं की हे भिंतीपलीकडून शिकलेलं आहे, आणि सगळ्या पापडांकडे बघायला लागल्या. गोदामावशीने पिंजऱ्यावर लुगड्याचा बोळा फेकला. ताई आमच्या दारात सूप घेऊन उभी होती. ती आत वळली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातून रडण्याचाही आवाज गेला नाही.

नाना त्या वेळी ऑफिसात होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या मनाने घेतलं की पोरीला सोबत हवी, एक पोपट आणू, त्याला बोलायला शिकवता शिकवता ती स्वतः बोलायला लागेल. चैत्रात राजमाचीकडच्या रानातून ठाकरणी पिल्लं घेऊन यायच्या. अशी एक जण टोपली घेऊन आमच्या ओट्याशी बसली. टोपलीत सहा-सात पिल्लं, अर्धी पिसं फुटलेली, चोची वासून किंचाळत होती. चाळ गोळा झाली.

"कुटलं बी घ्या बाय, समदी बोलत्यात," ठाकरीण म्हणाली.

"त्यो मोठ्या डोक्याचा घ्या नाना," गोदामावशी म्हणाली. "लय वरडतंय बगा. वरडतंय त्येच बोलतंय."

नानांनी ताईला पुढे बोलावलं. "तू निवड."

ताई टोपलीवर वाकली. वरची पिल्लं तिने हाताने बाजूला सारली. तळाशी, टोपलीच्या काठाला चिकटून, मान आत ओढून एक पिल्लू बसलं होतं. ते ओरडत नव्हतं, नुसतं बघत होतं. ताईने बोट पुढे केलं. ते चावलं नाही, चोचही उघडली नाही. जरा वेळाने त्याने तिच्या बोटावर मान टेकली.

"हा का ओरडत नाही?"

"मुकं हाय त्ये. लय गरीब. बोलायचं न्हाई बाय, आधीच सांगते. मागनं मला नावं ठेवाल."

"मला हाच हवा."

गोदामावशीने कपाळावर हात मारला. "अगं बया! मुकं पोर कुनी मागून घेतं व्हय? बापानं तुला बोलतं कराया पाखरू आनलं, तर तू त्येच गप बगून घेतलंस!"

"बोलणारे पुष्कळ आहेत, मावशी," ताई म्हणाली. ओट्यावर हशा पिकला. गोदामावशीही हसली, "लागलं मला, लागलं," म्हणाली. तळेगावहून आल्यापासून ताईने कुणाला दिलेलं ते पहिलं उत्तर होतं. नानांनी टोपी काढून पुन्हा घातली. आनंद झाला की ते तसं करायचे.

पिल्लू मादी आहे, असं गोदामावशीने बघून सांगितलं. आम्ही तिला मिठू म्हणायचो, ताई मात्र "बाई" म्हणायची. सुरुवातीला ती तिला बोटावर दूधभात द्यायची, मग भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड, आणि रोज सकाळी एक हिरवी मिरची. पिंजऱ्याचं दार उघडंच असायचं. ताई तांदूळ निवडायला बसली की बाई तिच्या खांद्यावर चढून पदराची किनार पायात धरून बसायची. ओरडायची जवळजवळ नाहीच. दिवेलागणीला मात्र चोचीवर चोच घासून बारीक कुरकुर आवाज करायची, कुणी लांब बसून सुपारी कातरावी तसा. तो ऐकला की ताई म्हणायची, "झोप आली बाईला."

आणि ताई तिच्याशी बोलायला लागली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटी-पुस्तक घेऊन बसायचो, मी अभ्यासात आहे असं तिला वाटायचं. आधी साध्याच गोष्टी. आज डाळ शिजेना, आईचे गुडघे दुखतात. मग हळूहळू तळेगावचं निघायला लागलं. तिथे ती जे बोलेल ते संध्याकाळपर्यंत सासूच्या तोंडून फिरून तिच्यापाशी यायचं. इकडे चाळीतही तेच. ही मात्र ऐकून घ्यायची आणि परत काही द्यायची नाही. एका संध्याकाळी ताई तांदळात बोट फिरवत अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "दोनच वेढे दिले होते गं बाई. रोजच्यासारखे दोनच. तिसरा दिला नव्हता." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "नव्हता ना दिला?" ती पक्ष्याला विचारत होती. हे मी ऐकलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे जे झालं ते मी अजाणतेपणी केलं, असं कुणाला म्हणता येऊ नये.

त्या उन्हाळ्यात ताई पुष्कळ सावरली. गर्दीच्या वेळी नळावर जायला लागली. मला अंघोळीवरून रागवायला लागली. एकदा पिठलं करताना काहीतरी गुणगुणत होती, तर आईने मला खूण करून गप्प बसवलं आणि स्वतः पळीसुद्धा वाजवली नाही.

गोदामावशीचा मुलगा बबन माझ्या वर्गात होता. त्याचा राघू शिव्या द्यायचा, आमची बाई नुसती बघायची. "मुक्या बहिनीचं मुकं पाखरू," असं त्याने सगळ्या पोरांत करून ठेवलं होतं. मी त्याच्याशी दोनदा मारामारी केली, दोन्ही वेळा मार खाल्ला. मग एकदा तोच म्हणाला, "आरं, दोरा तोडला न्हाई तुमी, म्हून बोलत न्हाई. आमच्या राघूचा तोडलाय. मी धरला व्हता की." पोपटाच्या जिभेखाली एक दोरा असतो, त्याने जीभ अडकलेली असते, तो तोडला की पोपट बोलतो, असं तेव्हा आमच्याकडे सगळेच मानायचे. असा काही दोरा नसतो हे मला फार वर्षांनी कळलं. बाई एक दिवस "ताई" अशी हाक मारील, ताईचा चेहरा कसा होईल, असं चित्र मी मनाशी रंगवलं होतं खरं. पुढे मी स्वतःला हेच सांगत आलो की ते ताईसाठी होतं. ते तसं नव्हतं. मला बबनचं तोंड बंद करायचं होतं.

श्रावणातल्या एका शुक्रवारी कुसगावच्या मावशीकडे आईला आणि ताईला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं होतं. मूल गमावलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बाईला कुणी सवाष्ण म्हणून बोलवावं, ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. ताई जाईल की नाही याची घरात धाकधूक होती. पण ती सकाळी लवकर उठली, न्हाली, हिरवं लुगडं नेसली. मी भाकरी खात होतो. भाजीच्या पाटीत एकच मिरची उरली होती. ताईने ती मोडून अर्धी बाईला दिली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली. "दुपारी बाईला वरणभात घाल. विसरू नकोस," असं म्हणून ती आईबरोबर निघाली. पायवाटेच्या वळणावर तिने मागे वळून हातसुद्धा केला.

बबन आला. रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखाली कोरडी जागा होती, तिथे आम्ही बाईला नेलं. नानांच्या दाढीचं पातं मी घेतलं होतं. बबनने तिला पंच्यात गुंडाळून धरलं, चोचीत आडवी काडी घातली. ती विश्वासाने माझ्या हातावर आली होती आणि पंच्यातूनही माझ्याकडेच बघत होती. जीभ जाड, काळसर, सारखी हलणारी. दोरा काही दिसेना. "हाय, हाय, खाली बग," बबन म्हणत होता. मी पातं घातलं.

ती तेव्हाही ओरडली नाही.

"लय रगत आलं रे," बबन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आमच्या राघूला येवडं न्हवतं आलं." मी हळद आणून दाबली, पाणी ओतलं, पुसलं. रक्त थांबल्यासारखं झालं तेव्हा तिला पिंजऱ्यात ठेवून दार लावलं, पातं धुऊन जागेवर ठेवलं. बबन निघून गेला. मी वरणभात कालवून वाटीत ठेवला. तो तसाच राहिला.

संध्याकाळी त्या दोघी आल्या त्या हसतच. आई सांगत होती की कुसगावच्या मावशीने ताईची ओटी कशी भरली. ताईने केळीच्या पानात पुरणपोळीचा तुकडा बांधून आणला होता. ती थेट पिंजऱ्याशी गेली. "बाई, बघ काय आणलंय तुला." बाई पिसं फुगवून, मान आत ओढून बसली होती. टोपलीत बसली होती तशीच. पोळीचा तुकडा चोचीशी नेला तर तिने तोंड फिरवलं. मग पाण्याकडे वाकली आणि वाटीतलं पाणी तांबूस झालं.

ताईने हाक मारली तशी गोदामावशी आली. तिने बाईला उजेडात धरून चोच उघडली. "आतनं सोललंय की गं समदं. मिरची घातलीवतीस का?"

"रोज घालते, मावशी."

"रोजची आन् आजची सारखी असती व्हय? लवंगी गावली असंल येखादी. पोळलं तोंड पाखराचं."

गोदामावशीच्या मनात काही वाईट नव्हतं. ताई तशीच उभी होती, पान हातात. मग ती माझ्याकडे वळली. "त्यातलीच अर्धी तू खाल्लीस ना रे सकाळी? तिखट होती का?"

ती मिरची पोपटी, लांब, बेचव होती. नुसती काकडीसारखी. मला तिची चव आजही सांगता येते. आईच्या मागून आलेला बबन दाराच्या आड उभा होता, आत कोट काढत असलेले नाना ऐकत होते, आणि ताई उत्तराची वाट बघत होती. तिने तसं कुणाच्या तोंडाकडे बघितलेलं मी त्यानंतर फार वर्षं पाहिलं नाही.

"होती जरा," मी म्हणालो.

"बरं," ताई म्हणाली. तिने पोळीचा तुकडा पानात पुन्हा नीट बांधला आणि फडताळात ठेवला.

त्यानंतर कापसाच्या वातीने दूध पाजायचं, ते तिने मला करायला लावलं. "तू पाज. माझ्या हातचं नको." मी पाजायला गेलो की बाई मागे सरकायची. ते बघून ताईला वाटायचं की आपल्यामुळे हिला माणसाच्या हाताचीच धास्ती बसली. चार-पाच दिवसांनी सकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली सापडली. ताईने तिला मोरीमागच्या कण्हेरीखाली पुरलं. आई म्हणाली, दुसरा आणू. ताई म्हणाली, "नको. माझ्या हातचं कुणाला मानवत नाही." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या साध्या आवाजात ती हे म्हणाली. भिंतीपलीकडे मावशीचा राघू मान वाकडी करून ऐकत राहिला. त्याला शिकण्यासारखं आमच्याकडून काही गेलं नाही. घर इतकं शांत झालं की नाना उगाचच खाकरायचे.

ताईला सासरहून बोलावणं आलं नाही. तिकडे दुसरं लग्न झालं. ती आमच्याकडेच राहिली, पुढे नाना-आई गेल्यावर माझ्याकडे. शिवणकाम करायची, माझ्या मुलांना अंगाखांद्यावर खेळवायची, त्यांच्या तापात जागायची. पण कुणाच्या तोंडात घास म्हणून तिने घातला नाही. माझ्या थोरल्याच्या उष्टावणाला, पहिला भात भरवायच्या वेळी, माझ्या बायकोने हौसेने चांदीची वाटी तिच्यापुढे केली, "आत्याने पहिला घास द्यायचा." ताई उठली आणि मागे जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली. बायकोला तो अपमान वाटला. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही, आणि मी तिलाही काही सांगितलं नाही. बबन पुढे बापासारखाच सांधेवाला झाला. एकदा लोणावळ्याच्या फलाटावर भेटला, म्हणाला, "ताईला सांगितलंस का रे त्ये?" मी म्हणालो, "सांगितलं." "बरं केलंस. माझ्या बी जिवाला लागून व्हतं." त्याचं ओझं उतरलं. त्याच्याशीही मी खोटंच बोललो होतो.

शेवटच्या आजारात ताईला हात उचलवत नव्हता, तेव्हा मी तिला भरवायचो. भाताची पेज, वर तुपाचा थेंब. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच, खिडकीशी कुठूनतरी पोपटांचा थवा ओरडत गेला. ती त्यांच्याकडे कान लावून होती. मग म्हणाली, "तुझ्या हातचं मानवतं मला."

मी चमचा खाली ठेवला. "ताई, ती मिरची..."

"कसली मिरची?" तिने माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी बघितलं होतं, जवळजवळ तसंच.

"काही नाही. पेजेत मीठ बरोबर आहे ना?"

"आहे की," ती म्हणाली आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

मिरची तिखट नव्हती, ताई. अर्धी मी खाल्ली होती. तुझ्या हातात काही वाईट नव्हतं. ते माझ्या हातात होतं.